पाखटाच्या कातड्याचं पाकीट: सुई का मोडते

पाखट (स्टिंगरे) या चपट्या माशाच्या कातड्यावर काचेसारख्या टणक मण्यांचा थर असतो. त्यातून ना आरी जाते ना सुई. गाईच्या चामड्याची सवय असलेल्यांची पहिली सुई इथेच मोडते. म्हणून शिवण येणार तिथे कडेची 4 मिमी पट्टी छोट्या ग्राइंडरने घासून मणी काढून टाकायचे. मास्क लावाच, धूळ फार बारीक उडते. जोर लावून घासलं तर मात्र कातडं तापून करपतं, आक्रसतं. हलक्या हाताने, थांबत थांबत घासा.

आखणी मागच्या बाजूने करा आणि पत्रा कापायची कात्री वापरा. चांगली सुरी इथे वाया घालवू नका.

अख्खं पाकीट पाखटाचं करायचा मोह होतो. नका करू. मधल्या घडीवर मण्यांमुळे कातडं ताठ राहतं आणि पाकीट नीट मिटत नाही. त्यापेक्षा बकऱ्याच्या 0.8 मिमी चामड्यात खिडकी कापा आणि पाखटाचा तुकडा खालून चिकटवा. कडेचे अर्धवट कापलेले मणीही त्याखाली झाकले जातात, नाहीतर ते खिशाचं कापड खरवडतात. पाठीवरच्या मोठ्या पांढऱ्या मण्यांचा पुंजका खिडकीच्या बरोबर मध्यावर घ्या. 2 मिमी सरकला तरी डोळ्याला खुपतो.

आतले कप्पे साध्या चामड्याचे. कार्ड 85.6 मिमी रुंद, म्हणून शिवणीच्या आत 90 मिमी मोकळी जागा ठेवा.