अजून एक

काल रात्री 'बॉर्न टू बी ब्लू' पुन्हा पाहिला आणि नंतर पहाटेपर्यंत डोळा लागला नाही. रॉबर्ट बुड्रो यांचा २०१५ चा हा चित्रपट तिकडेही फारशी गर्दी खेचू शकला नाही आणि आपल्याकडे तर तो पाहिलेले माणूस क्वचितच भेटते. चेट बेकर हा जाझचा ट्रम्पेटवादक. १९६६ मध्ये त्याला मारहाण झाली, पुढचे दात गेले आणि नव्या दातांनिशी त्याला वादन मुळापासून शिकावे लागले, एवढे खरे आहे. चित्रपटातली त्याची प्रेयसी जेन मात्र कल्पित आहे, पण तिच्याशिवाय मला तो चित्रपट आठवताच येत नाही.

बाथटबमध्ये बसून तो ट्रम्पेट ओठांना लावतो, सूर फुटत नाही, तोंडातून रक्त येते आणि तरीही तो फुंकत राहतो. ट्रम्पेटचा दाब ओठांमागचे दात पेलतात, तेच नसतील तर सूर टेकणार कशावर? चेट झालेल्या ईथन हॉक यांनी तो प्रसंग असा केला आहे की पाहणाऱ्याचीही हिरडी दुखावी. पण झोप उडाली ती त्या प्रसंगाने नव्हे. शेवटी न्यूयॉर्कच्या 'बर्डलँड' या जाझ क्लबमध्ये, मंचावर जाण्यापूर्वी, त्याच्यासमोर एकीकडे व्यसन सोडवण्यासाठीचे औषध मेथाडोन असते आणि दुसरीकडे त्याचे व्यसन, हेरॉइन. आणि त्या क्षणी माझ्या मनात आले की काहीही घे, पण आज नीट वाजव. तो हेरॉइन घेतो, अप्रतिम वाजवतो, जेनला सगळे कळते आणि ती निघून जाते. मी मात्र ऐकत बसले. मी त्याच्या बाजूने नव्हतेच, मी त्याच्या सुरांच्या बाजूने होते.

हे मला नवे नाही, हेच खुपते आहे. नानांना कवळी बसल्यावर क्लॅरोनेटची पेटी कपाटावर गेली होती. त्या गणपतीत ती मीच खाली काढायला लावली. मुखनळीवर वरचे दात टेकले की कवळी सरकायची, सूर चिरकायचा, ते थांबून पुन्हा धरायचे. तीन ओळी झाल्यावर त्यांनी रुमालाने ओठ टिपले. रुमालावरचा तो लहानसा लाल डाग मी पाहिला होता. पाहिला, आणि तरीही म्हणाले, "नाना, अजून एक." बाकीच्यांना डाग दिसला नसेल. मला दिसला होता. आईने तेव्हा माझ्याकडे जसे पाहिले, त्याविषयी आज लिहवत नाही.

रात्रभर स्वतःलाच दोष देत पडून राहिले. असल्या ऐकणाऱ्यांपेक्षा मुके श्रोते बरे, असेही वाटून गेले. पहाटे मात्र त्या संध्याकाळचे आणखी काहीतरी आठवले. रुमालाची घडी घालून तो खिशात ठेवताना नानांचे लक्ष माझ्याकडे नव्हतेच. मी तोंड उघडण्यापूर्वीच त्यांनी मुखनळीवरची पातळ पट्टी, रीड, जिभेने ओली करायला घेतली होती. ही आठवण खरी आहे की आज मला सोयीची म्हणून सुचली आहे, हे आता विचारायचे तरी कोणाला? तरी ती मी राहू देणार आहे. दुसरी चीज त्यांनी पहिलीपेक्षा सावकाश वाजवली, आणि ती पूर्ण वाजवली.