'आउटस्टँडिंग' कुणाला म्हणावं?

एप्रिलमध्ये प्रगतिपुस्तकं भरताना 'गुड', 'व्हेरी गुड' मी सढळ हाताने लिहिते. लहान पोरांना हुरूप लागतोच. 'आउटस्टँडिंग' मात्र राखून ठेवते. अमळनेर तालुक्यातल्या आमच्या शाळेत यावरून स्टाफरूममध्ये वाद होतो, तरीही.

गुड एकट्यालाही म्हणता येतं. आउटस्टँडिंगला भोवती रांग लागते, कारण स्टँड आउट म्हणजे त्या रांगेतून पुढे येऊन उभं राहणं. आपण 'उठून दिसतो' म्हणतो, अगदी तेच. यावल-रावेरच्या केळीच्या बागेत सगळेच घड सारखे भरले असतील तर कुठल्या एकाकडे बोट दाखवणार? म्हणून अर्ध्या वर्गाला हा शेरा दिला की तो कुणाचाच राहत नाही. यूजीसीच्या २०१५ च्या श्रेयांक पद्धतीतही दहापैकी १० गुणांची 'ओ' म्हणजे आउटस्टँडिंग. एक्सलंट त्याच्या खाली, ९ वर.

आणि आमच्या भागात हा शब्द शाळेच्या आधी घरात पोचतो तो बँकेच्या कागदावरून. पीककर्जाची थकबाकी, तीही आउटस्टँडिंग! जे आत यायचं ते अजून बाहेरच उभं आहे, असा त्याचा अर्थ. यंदा सातवीतल्या एका मुलीचे वडील प्रगतिपुस्तक घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. शेऱ्यावर बोट ठेवून हळूच विचारलं, "मॅडम, आते कितलं बाकी शे?" मार्चअखेरीला सोसायटीचा भरणा करून आलेला माणूस, तो दुसरं काय समजणार? त्यांना बसवलं आणि सांगितलं, "भाऊ, काहीच बाकी नही. तुमनी पोर सगळासमा उठीसन दिखस." मग ती वर्गात अहिराणी गोष्टी इंग्रजीत कशी रंगवून सांगते, तेही सांगितलं.

अर्थ कुठला ते पुढच्या नामावरून कळतं: बॅलन्स, ड्यूज, अमाउंट आलं की बाकी, स्टुडंट, परफॉर्मन्स आलं की कौतुक. 'आउटस्टँडिंग वर्क' मात्र दोन्हीकडे झुकतं, उत्तम काम किंवा राहिलेलं काम. शेऱ्यात ते टाळावं. 'व्हेरी'ही लावू नये. शब्दातच टोक आहे, फार तर 'ट्रूली' शोभतं. माझा आग्रह एवढाच, की पुढे 'इन' घालून कशात ते लिहावं. त्या मुलीच्या पुस्तकात मी नंतर दोन शब्द वाढवले: 'इन स्टोरीटेलिंग'.