पेशी बराबर, मग ताप कशाचा?

"भाऊ, पेशी बराबर शेतस, मंग ताप काबर येस?" अमळनेरच्या आमच्या छोट्या लॅबमध्ये रिपोर्ट हातात पडला, की हमखास हाच प्रश्न. रक्ताच्या दर मायक्रोलिटरमागे पांढऱ्या पेशी 4,000 ते 11,000 च्या, म्हणजे नॉर्मल मर्यादेच्या आत, आणि पेशंट बाकड्यावर कुडकुडतोय.

मशीन पेशी मोजतं. पेशीच्या अंगावर काय बदललंय, ते त्याला दिसत नाही. रावेर-सावद्याकडचा माणूस असला की मी केळीवर येतो. पिकवणीच्या खोलीत इथिलीन सोडलं की घड तेवढेच राहतात, साल मात्र पालटते.

पांढऱ्या पेशींच्या अंगावर रिसेप्टर असतात, बाहेरची खूण पकडणारी प्रथिनं. न्यूट्रोफिल म्हणजे जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी. निवांत न्यूट्रोफिल पेशीवर सीडी64 नावाचा रिसेप्टर जवळजवळ नसतोच. जंतू शिरले की टी आणि एनके या दुसऱ्या पांढऱ्या पेशी इंटरफेरॉन गॅमा हा इशारा देणारा रेणू सोडतात. तो न्यूट्रोफिलला येऊन चिकटला की निरोप थेट केंद्रकात जातो, सीडी64 चं जनुक जागं होतं आणि काही तासांत पेशीचं अंग त्याने भरतं. सीडी64 अँटिबॉडीला, म्हणजे जंतूला चिकटणाऱ्या प्रथिनाला, धरतो; मग अँटिबॉडी लागलेला जंतू तिच्या हातून सहसा सुटत नाही. सीडी11बी या दुसऱ्या रिसेप्टरची तऱ्हा निराळी: तो आतल्या दाण्यांत आधीच भरून ठेवलेला असतो, इशारा मिळाला की मिनिटांत वर.

रिसेप्टर कमी होण्याचंही तसंच. आयएल-8 या बोलावणाऱ्या रेणूच्या हाकेवर पेशी धावते, पण ती हाक पकडणारे रिसेप्टर हाकेसकट आत ओढले जातात. पेशी थोडा वेळ बहिरी. नंतर ते परत वर येऊ शकतात. इथे माझी केळी लंगडी पडते, पिकलेलं केळं काही हिरवं होत नाही.

सीडी64 मोजायला फ्लो सायटोमीटर लागतो, म्हणजे एकेका पेशीवरचे रिसेप्टर मोजणारं मशीन. आमच्याकडे काचेवरच्या पेशी रंगवायचा लिशमनचा रंग आणि मायक्रोस्कोप. मागे एका आजोबांचा काउंट 9,200 आला, पण काचेवर न्यूट्रोफिलमध्ये जाड, गडद जांभळे दाणे खच्चून भरलेले. ही सहसा अंगात जंतूंशी झुंज चालू असल्याची खूण. रिपोर्टच्या तळाशी 'टॉक्सिक ग्रॅन्युल्स' लिहिलं आणि लगेच डॉक्टरांकडे जा म्हणून सांगितलं. आजोबांनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"मंग हाई वर काबर नही लिखं?"