ओढ्यात सोडायचे नाहीत

"पिल्लं जास्त झाली तर काय करशील?" लोकरीच्या झुपक्याला चिकटलेली ठिपकेदार ब्लू-आय माशाची अंडी माझ्या हातात देता देता मासे पाळणाऱ्या एका आजोबांनी विचारलं. मी सहज बोलून गेले, "मागच्या ओढ्यात सोडेन." त्यांनी पिशवी परत टेबलावर ठेवली.

ब्रिस्बेनला येऊन चार वर्षं झाली, पण इतकं ओशाळल्यासारखं कधी झालं नव्हतं. आपल्याकडे जिवंत मासा पाण्यात सोडणं म्हणजे पुण्यच की! शिवाय हा मासा ऑस्ट्रेलियाचाच. त्यांनी समजावलं: हा उत्तरेकडच्या पाणथळींतला, इथून हजार किलोमीटरहून लांबचा. इथल्या ओढ्यात याचा भाऊबंद, पॅसिफिक ब्लू-आय, आधीपासून आहे. टाकीतला रोग त्याला लागला तर? घरचा मासा ओढ्या-नदीत सोडणं इथे कायद्याने गुन्हा आहे.

मग ते मला ओढ्यावर घेऊन गेले. काठालगत करड्या माशांचा थवा. मी लगेच ओळखले. गंबुसिया! चिपळूणजवळच्या आमच्या विहिरीत आरोग्य खात्याच्या माणसाने डासांच्या अळ्या खायला हेच सोडले होते, आणि आम्ही पोरं वाकून वाकून बघायचो. इथे हा मासा पाळायलाही बंदी. स्थानिक माशांचे पंख कुरतडतो, त्यांची अंडी-पिल्लं खातो.

मला रागच आला, खोटं कशाला सांगू! आमच्याकडे डेंग्यू-मलेरियाने माणसं दगावतात, आधी माणूस वाचवायचा की मासा? शिवाय डासांसाठी गंबुसिया इथे आणला यांनीच, 1925च्या सुमारास. आपल्याकडे तो 1928 साली आला. तीन वर्षांच्या अंतराने दोघांनी तेच केलं, मग मान खाली फक्त मी का घालायची? हे सगळं मी त्यांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, "खरं आहे, चूक आमचीच. पण अळ्या तर आमचे ब्लू-आयसुद्धा खायचे." यावर मला उत्तर सुचलं नाही. अंडी मात्र त्यांनी दिली.

आता या माशाबद्दल सांगते, कारण गेला महिनाभर मी दुसरं काही बोलतच नाहीये. ठिपकेदार ब्लू-आय, रेनबोफिशच्या गोतावळ्यातला, जेमतेम तीन सेंटीमीटर. शास्त्रीय नावातलं 'गर्ट्रूडे' हे इंडोनेशियातल्या अरू बेटांवर मासे गोळा करणाऱ्या ह्यूगो मेर्टन यांच्या पत्नीचं नाव. 1911 साली ठेवलेलं. डोळ्यांत निळी कडी. नर छातीजवळचे पिवळसर पंख वर उभारून एकमेकांसमोर नाचतात, तेव्हा माझी भाजी करपते.

मादी रोज थोडीच अंडी घालते, आणि नजरेस पडली तर आईबापच ती खातात. म्हणून बुचाला लोकर बांधून झुपका पाण्यात तरंगत ठेवायचा. लोकर अॅक्रिलिकच हवी. खरी लोकर पाण्यात कुजते. आईने लेकीच्या स्वेटरसाठी पाठवलेली गडद हिरवी लोकर उरली होती, तीच वापरली. अंडं मोहरीच्या दाण्याहून लहान, पण टणक. दोन बोटांत धरून अलगद सुटतं. वेगळ्या डब्यात ठेवलं की काही दिवसांत आत दोन डोळे दिसतात. आजोबांनी दिलेली अंडी बाराव्या दिवशी फुटली. पिल्लं डोळ्यांच्या पापणीच्या केसाएवढी, पृष्ठभागालाच चिकटून राहणारी. आर्टेमिया या कोळंबीसारख्या चिमुकल्या जिवाची पिल्लंसुद्धा त्यांच्या तोंडात मावत नाहीत. बाटलीतल्या पाण्यात केळीचं वाळकं पान घालून सूक्ष्मजीव वाढवले आणि तेच थेंब थेंब दिले. परसात केळ आहे, हे घर भाड्याने घेण्याचं अर्धं कारण तीच होती.

अकरा जगली. चार आजोबांना परत जाणार, तीन लेकीच्या शाळेतल्या टाकीत.

काल बाबांना फोन केला. कोकणातल्या विहिरींत, डबक्यांत डोक्यावर चांदीसारखा ठिपका असलेला एक चिमुकला मासा असायचा, तोही अळ्या खायचा. "आपल्या विहिरीत अजून दिसतो का हो तो?" बाबा म्हणाले, "कित्येक वर्षांत वाकून बघितलं नाही गं. आत्ता पाणी गढूळ आहे, पाऊस ओसरला की बघतो."