पुढे गारठा, मागे कोमट वारा: गाडीच्या ड्युअल एसीचा छडा

पुढे बसलेला म्हणतो एसी जरा कमी कर, आणि तिसऱ्या रांगेतून आवाज येतो, एसी लावलाय का? आमच्या सात सीटरमध्ये हा वाद उन्हाळा लागला की ठरलेला. शेवटी मी स्वयंपाकघरातला सुईसारखा थर्मामीटर घेऊन गाडीत बसलो. बाहेर ३६ अंश, इंजिन चालू, खिडक्या बंद, हवा आतल्या आत फिरवायचं बटण दाबलेलं. पुढच्या मधल्या व्हेंटमध्ये ८ अंश, मागच्या छतातल्या व्हेंटमध्ये २१. म्हणजे तक्रार खरी होती.

मग पहिलं काम म्हणजे मागे खरोखर दुसरी कूलिंग कॉइल आहे का, हे बघणं. सगळ्याच गाड्यांत ती नसते. काहींत पुढची गार हवा मधल्या कन्सोलखालच्या डक्टमधून मागे येते, काहींत छतातला पंखा नुसती केबिनमधली हवा ओढून पुन्हा अंगावर फेकतो. तिथे मागची हवा पुढच्यापेक्षा कमी गार लागणार, त्यात बिघाड काहीच नाही. आमच्या गाडीत बॉनेटखालून अ‍ॅल्युमिनियमच्या दोन जास्तीच्या नळ्या, एक बारीक आणि एक जाड, तळाखालून मागे गेलेल्या दिसल्या. म्हणजे कॉम्प्रेसर (गॅस दाबणारा पंप) एक, कंडेन्सर (दाबलेला गॅस निववून द्रव करणारी पुढची जाळी) एक, पण कॉइल दोन आणि प्रत्येकीचा एक्सपान्शन व्हॉल्व्ह, म्हणजे कॉइलमध्ये किती द्रव सोडायचा ते ठरवणारा व्हॉल्व्ह, वेगळा. एका टाकीवर दोन नळ असावेत तसं. पुढचा नळ धो धो वाहतोय म्हटल्यावर टाकी आणि पंप, निदान बऱ्यापैकी, ठीक आहेत. कंडेन्सरचा पंखा मंद असता किंवा कॉम्प्रेसर थकला असता तर सिग्नलला उभं राहिल्यावर पुढचीही हवा कोमट झाली असती. ती होत नव्हती.

आता मागे हवाच कमी येते, की येते ती गरम येते? हा फरक आधी करावा, त्यावर पुढची सगळी दिशा ठरते. व्हेंटसमोर टिश्यू पेपर धरला, तो सरळ आडवा झाला. ब्लोअर चारही स्पीडवर चालत होता, म्हणजे स्पीड कमीजास्त करणारा रेझिस्टरही शाबूत. मागच्या युनिटची हवा ओढायची जाळी आमच्या गाडीत बाजूच्या पॅनेलमध्ये खाली आहे आणि सामान लावलं की बॅगा नेमक्या तिथेच टेकतात. बॅगा काढून पाहिलं, आकडा हलला नाही.

मागे हीटरही आहे, त्यामुळे गरम पाणी गार हवेत मिसळतंय का, ही शंका होती. आतलं झडप फिरवणारी छोटी मोटर अडकली की असं होतं. यासाठी पॅनेल उघडावं लागत नाही. इंजिन चांगलं तापल्यावर एसी बंद केला, मागचं तापमान सगळ्यात थंडवर ठेवलं आणि नुसता ब्लोअर लावला. व्हेंटमधली हवा केबिनपेक्षा गरम लागली असती तर हीटर दोषी. ती केबिनइतकीच होती. हीटर सुटला.

इथवर आल्यावर गॅरेज गाठलं. तिथलं पहिलं वाक्य अपेक्षितच होतं: "साहेब, गॅस कमी आहे, टॉप-अप मारून देतो." गॅस कमी असूही शकतो, हे मान्य. दोन कॉइलच्या सिस्टीममध्ये गॅस कमी पडला की एकीला द्रव मिळतो आणि दुसरीच्या वाट्याला बुडबुडे येतात. पण गेज, म्हणजे गॅसचा दाब दाखवणारा काटा, बघून हे ठरवता येत नाही. बंद गाडीला गेज लावलं तर आर-१३४ए हा गॅस ३० अंशांना साधारण ९७ पीएसआय दाखवतो, आणि आत थोडासा द्रव शिल्लक असेपर्यंत तेवढंच दाखवत राहतो. चालू गाडीत तर आणखी फसगत, कारण दोन्ही कॉइलमधून परत येणारा गॅस एकाच जाड नळीतून कॉम्प्रेसरला जातो. पुढची कॉइल नीट चालत असली की लो साइडचा (कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या कमी दाबाच्या बाजूचा) काटा जागेवर दिसतो आणि मागची उपाशी आहे हे त्याच्या लक्षातही येत नाही.

म्हणून मी म्हटलं, भरू नका, आधी सगळा काढून वजन करा. बॉनेटखालच्या स्टिकरवर ड्युअल एसीसाठी ९५० ग्रॅम लिहिलं होतं. (एकाच एसीच्या मॉडेलचा आकडा शेजारीच असतो आणि बरेच जण तोच वाचतात.) मशीनने ८८० ग्रॅम काढला. थोडा गॅस तेलात विरघळून आतच राहतो, हे धरलं तर कमतरता फार नव्हती. तरी व्हॅक्यूम करून मोजून ९५० भरला. पुढे ८, मागे १९. टॉप-अप मारून घरी आलो असतो तर दोन अंशांवर समाधान मानायची वेळ होती, शिवाय गॅस जास्त झाला असता तर हाय साइडचं, म्हणजे कॉम्प्रेसरनंतरच्या बाजूचं, प्रेशर वाढून उलट पुढचंही कूलिंग गेलं असतं.

मग मागचं बाजूचं पॅनेल काढलं. क्लिपा नेहमीप्रमाणे निम्म्या तुटल्या. आत टॉर्च मारल्यावर मात्र पाहण्यासारखं दृश्य होतं: व्हॉल्व्हच्या तोंडाशी कॉइलच्या पहिल्या दोन नळ्यांवर दव आणि बाकी अख्खी कॉइल कोरडी ठणठणीत. बाहेर पडणारी जाड नळी हाताला कोमट. मेकॅनिकने तिच्यावर इन्फ्रारेड गन मारली तर भलताच आकडा आला. चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर ती गन आसपासच्या वस्तूंची उष्णता वाचते, म्हणून नळीवर काळी चिकटपट्टी लावून पुन्हा मोजलं. आता आकडा आणि हात जुळले. कॉइलमध्ये गॅस येतच नव्हता, आला तेवढा दाराशीच संपत होता.

एक्सपान्शन व्हॉल्व्हला केसासारख्या नळीने जोडलेला एक तांब्याचा बल्ब असतो आणि तो जाड नळीला बांधलेला असतो. नळी गरम झाली की बल्बमधला गॅस फुगतो, व्हॉल्व्ह उघडतो, जास्त द्रव कॉइलमध्ये जातो. आम्ही बल्बवरची काळी इन्सुलेशन टेप सोडली, क्लिप काढली आणि एसी चालू असताना बल्ब मुठीत धरला. व्हॉल्व्ह जिवंत असता तर हाताच्या उबेने तो पूर्ण उघडून जाड नळी गार पडून ओली व्हायला हवी होती. बराच वेळ मूठ आवळून बसलो, नळीला ढिम्म नाही. मग ती केसासारखी नळी बोटाने चाचपत गेलो. एका ब्रॅकेटच्या कडेवर ती घासून चपटी झाली होती आणि तिथे सुईच्या टोकाएवढं भोक. बल्बमधला गॅस तिथून निघून गेला, दाब संपला आणि आतल्या स्प्रिंगने व्हॉल्व्ह जवळजवळ मिटवून टाकला.

व्हॉल्व्ह बदलणं त्यामानाने सोपं काम. गॅस पुन्हा काढला, नवे ओ-रिंग तेल लावून बसवले, सिस्टीम उघडलीच आहे म्हणून ओलावा शोषणारा ड्रायरही बदलला. जुन्या व्हॉल्व्हच्या जाळीत कचरा नव्हता हे मुद्दाम पाहिलं. तिथे चांदीसारखी भुकटी सापडली असती तर कॉम्प्रेसर झिजतोय असं समजायचं. नवी बारीक नळी ब्रॅकेटला लागू नये म्हणून तिच्यावर रबरी नळीचा तुकडा चढवला. कुठे गळतं का हे कळायला व्हॅक्यूम करून पंप बंद ठेवून काटा हलतो का ते बघितलं, मगच मोजून ९५० ग्रॅम.

आता पुढे ८, मागे ११. मागच्या नळ्या लांब आहेत आणि छतातला डक्ट उन्हात तापतो, त्यामुळे तीन अंशांचा फरक मला चालतो.

एक गंमत मात्र उरली आहे. पुढचा ब्लोअर अगदी हळू आणि मागचा फुल ठेवला की थोड्या वेळाने मागची हवा कोमट होते, मग परत गार. कॉइलवर बर्फ धरू नये म्हणून कॉम्प्रेसर बंद करणारा सेन्सर आमच्या गाडीत फक्त पुढच्या कॉइलवर आहे. पुढे वारा कमी असला की ती कॉइल पटकन शून्याजवळ जाते, सेन्सर कॉम्प्रेसर तोडतो आणि मागच्यांचा गॅस बंद होतो. पुढचा ब्लोअर एक घर वाढवून व्हेंट तोंडावरून काचेकडे वळवले की दोन्हीकडे ठीक चालतं.