२७५ मोठे की ४००?

एका सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचा ऑटोमॅटिक कंट्रोलर दुरुस्तीला आला. तक्रार एकच: पंप सुरू व्हायच्या वेळी रिले, म्हणजे पंप चालू-बंद करणारा विजेचा स्विच, नुसता टकटक वाजतो. आधीच्या मिस्त्रीने रिले बदलला होता, ४७० मायक्रोफॅरडचा फिल्टर कपॅसिटरही. वाजतोय रिले, तर बदला रिले; आपल्याकडे ही पद्धतच आहे.

बोर्डावर ट्रान्सफॉर्मर नाही. फेजला सिरीजमध्ये करंट मर्यादेत ठेवणारा ०.४७ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर, पुढे एसीचं डीसी करणारा ब्रिज आणि व्होल्टेज २४ वर रोखणारा झेनर. असा बोर्ड थेट मेन्सवर असतो, त्यामुळे मेन्सपासून वेगळं करणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावल्याशिवाय स्कोपची (ऑसिलोस्कोपची) क्लिप कुठेही अडकवू नका. रिले बंद असताना झेनरवर २४ व्होल्ट चोख. रिले ओढला की व्होल्टेज कोसळायचं, आयसी रीसेट व्हायचा, रिले सुटायचा, व्होल्टेज परत चढायचं. तीच टकटक.

२३० व्होल्ट, ५० हर्ट्झवर ०.४७ मधून ब्रिजनंतर साधारण ३० मिलिअँपिअर मिळतात. रिलेची कॉइल १५ खाते, बाकी सर्किट पाच-सहा. कपॅसिटर सोडवून मोजला तर ०.१९ भरला! म्हणजे मिळणार जेमतेम १२. आणि वरून बघाल तर ठणठणीत, ना फुगलेला, ना काळवंडलेला.

त्यावर छापलं होतं ‘४७४ जे ४०० व्ही’; ४७४ म्हणजे ०.४७ मायक्रोफॅरड, जे म्हणजे पाच टक्के इकडे-तिकडे. झाकणाच्या आतल्या सर्किटच्या झेरॉक्सवर मात्र ०.४७/२७५ व्ही. मूळ नकाशात २७५ व्ही पुढे ‘~’ असणार, ती झेरॉक्समध्ये उडालेली. मग ४०० मोठे म्हणून कुणीतरी तो ठोकला. पण ‘~’ म्हणजे एसी, आणि एसीचा आकडा आरएमएस, म्हणजे परिणामी किंमत; लाटेचं टोक, पीक, त्याहून वर जातं. २७५ चा पीकच ३८९ व्होल्ट होतो. नुसते ४०० म्हणजे डीसी. त्या फिल्मची एसी मर्यादा सहसा २०० ते २५०, आणि आपला मेन्स दहा टक्के चढला तरी २५३. मर्यादेवर सतत एसी बसला की फिल्मवरचा धातूचा थर ठिकठिकाणी जळतो. कपॅसिटर शॉर्ट होत नाही, स्वतःला सावरतो. पण दर वेळी थोडी कपॅसिटी जाते.

३०५~ चा एक्स-टू, म्हणजे मेन्सवर लावायला सुरक्षा-चाचणी झालेला कपॅसिटर, बसवला. वीज बंद झाल्यावर त्यातला चार्ज उतरावा म्हणून त्याला पॅरलल ४७० किलोओहमचे रेझिस्टर; तेही दोन सिरीजमध्ये, कारण पाव वॅटचा एकटा रेझिस्टर सहसा २५० व्होल्टपर्यंतचाच असतो. पुढे ४७ ओहमचा फ्युजिबल, म्हणजे जास्त करंटला फ्यूजसारखा उडणारा रेझिस्टर.

तरी समाधान नाही. एक्स-टूच्या चाचण्या मुख्यतः आग टाळण्यासाठी. सिरीजमध्ये वर्षानुवर्षं कपॅसिटी टिकेल अशी हमी तो शिक्का देत नाही. काही कंपन्या सिरीजच्या कामासाठी वेगळी मालिका काढतात, पण काउंटरवर ‘एक्स-टू द्या’ म्हटलं की हाताला येईल तो पिवळा डबा मिळतो. झाकणाच्या आत आजची तारीख आणि मोजलेलं ०.४७ मार्करने लिहून ठेवलंय. पुढच्या वेळी रिले बदलण्याआधी कुणीतरी हा कपॅसिटर मोजावा.