दहावीनंतर आयटीआय की अभियांत्रिकी? आधी कार्यशाळा पाहून या

दहावीचा निकाल लागला की आपल्याकडे पुढच्या शिक्षणाची चर्चा टक्क्यांवरून सुरू होते आणि बहुधा टक्क्यांवरच संपते. चांगले गुण असतील तर विज्ञान, मध्यम असतील तर वाणिज्य, आणि कुठेच जमत नसेल तर 'आयटीआयला टाका', ही उतरंड इतकी अंगवळणी पडली आहे की एखादा मुलगा बरे गुण मिळवूनही आयटीआयचे नाव काढतो, तेव्हा घरात काहीतरी बिनसले आहे असेच सगळ्यांना वाटू लागते. माझ्या भाच्याच्या घरी सध्या हेच चालू आहे. त्याला बहात्तर टक्के गुण आहेत आणि टूल अँड डाय मेकरचा, म्हणजे कारखान्यातले साचे आणि हत्यारे बनवण्याचा, ट्रेड घेऊन नंतर चांगल्या कारखान्यात अप्रेंटिसशिप, म्हणजे शिकाऊ उमेदवारी, करायची त्याची इच्छा आहे. बहिणीच्या मनात अकरावी विज्ञान, सीईटी आणि अभियांत्रिकीची पदवी आहे. "दादा, तू भोसरीच्या कारखान्यांत आयुष्य काढलंस, तूच त्याला समजाव," असे ती म्हणाली. मी टूलरूममध्ये, म्हणजे साचे-हत्यारे बनवणाऱ्या विभागात, काम केलेला माणूस असल्यामुळे भाच्याची बाजू घेईन असे त्याला वाटत होते आणि मोठा भाऊ असल्यामुळे तिची घेईन असे तिला. मी दोघांनाही आधी वर्षांचा हिशेब मांडून दाखवला.

अकरावी-बारावीची दोन आणि अभियांत्रिकीची चार अशी सहा वर्षे एका बाजूला. दुसऱ्या बाजूला आयटीआयची दोन वर्षे, त्यानंतर तंत्रनिकेतनात पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊन आणखी दोन, आणि पदविकेनंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊन तीन, म्हणजे सात वर्षे. मध्ये एक वर्ष शिकाऊ उमेदवारी केली तर आठ. म्हणजेच आयटीआयला गेलेल्या मुलाचा पदवीचा रस्ता बंद होत नाही. तो वर्ष-दोन वर्षांनी लांबतो, आणि वाटेत त्याच्या हाती एक कसब व थोडीफार कमाई येते. बहिणीला हे माहीत नव्हते. 'एकदा आयटीआय म्हणजे कायमचे आयटीआय' अशी तिची समजूत होती, आणि तिच्या विरोधाचे मूळ बऱ्याच अंशी त्या समजुतीत होते.

मात्र हा रस्ता कागदावर जितका सरळ दिसतो तितका चालायला सोपा नाही, हेही भाच्याला स्पष्टपणे सांगणे मला आवश्यक वाटले. आयटीआयमध्ये गणित असते ते कार्यशाळेपुरते. पदविकेच्या दुसऱ्या वर्षात पाऊल टाकल्यावर पहिल्या वर्षाचे सगळे गणित येते असे गृहीत धरूनच शिकवले जाते, आणि हाताने उत्तम काम करणारी मुले नेमकी तिथे अडकतात. आमच्याकडे आलेल्या कितीतरी हुशार फिटरांनी पदविकेला नाव घातले आणि गणितापायी मध्येच सोडून दिले. ही अडचण बुद्धीची नसते, सराव तुटल्याची असते. म्हणून आयटीआय निवडणाऱ्या मुलाने गणिताची वही मिटता कामा नये.

त्यानंतर मी भाच्याला एका सरकारी आयटीआयच्या कार्यशाळेत घेऊन गेलो, कारण ज्या कामाची त्याला ओढ होती, ते त्याने चित्रफितींतच पाहिले होते. चित्रफितीत संगणकावर चालणारे सीएनसी यंत्र झरझर फिरते आणि चकचकीत भाग बाहेर येतो. प्रत्यक्षात सुरुवातीचे महिने बेंच व्हाइससमोर, म्हणजे धातू घट्ट पकडणाऱ्या शेगड्यासमोर, उभे राहून कानस मारण्यात जातात. तिथे एक मुलगा लोखंडी पट्टीचा जॉब घासत होता. थोडे घासायचे, काटकोन व सपाटी तपासणारा ट्राय स्क्वेअर लावायचा, जॉब उजेडासमोर धरायचा आणि पाते व धातू यांच्यामधून प्रकाशाची फट दिसते का ते पाहायचे. मधोमध फट नव्हती, दोन्ही कडांना होती, म्हणजे कानस हातात डुलत होती आणि कडा जास्त घासल्या जात होत्या. शिल्प निदेशकांनी, म्हणजे तिथल्या शिक्षकांनी, काही न बोलता त्याच्या मागच्या पायाची जागा बदलली. भाचा हे बराच वेळ पाहत राहिला, मग त्याने विचारले, "मामा, हे रोज?" मी म्हटले, रोज. ज्याला या कंटाळवाण्या कामातही गोडी वाटते, त्याच्यासाठी हा मार्ग आहे. बाकीच्यांनी नुसत्या यंत्रांच्या आकर्षणापोटी येऊ नये. तो मागे हटला नाही, ही गोष्ट माझ्या दृष्टीने त्याच्या टक्क्यांपेक्षा महत्त्वाची ठरली.

शिकाऊ उमेदवारीबद्दल पालकांनी थोडा कायदा समजून घ्यावा. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा आहे, आणि २०१९ च्या सुधारित नियमांनुसार तीस किंवा त्याहून अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. त्याच नियमांत किमान विद्यावेतन आयटीआय उत्तीर्णाला महिना ७,००० रुपये आणि पदवीधराला ९,००० रुपये असे ठरले. हे दोन आकडे मी बहिणीसमोर शेजारी शेजारी ठेवले, कारण पदवीधरालाही कित्येकदा शिकाऊ म्हणूनच सुरुवात करावी लागते, हे आपण विसरतो. पण याच कायद्याने शिकाऊ उमेदवाराला कामगार मानलेले नाही, आणि करारात तशी अट नसेल तर मुदत संपल्यावर नोकरी देण्याचे बंधनही मालकावर नाही. रेल्वेचा अनुभव थोडा वेगळा आहे: तिथेच शिकाऊ उमेदवारी पूर्ण केलेल्यांसाठी लेव्हल १ च्या, म्हणजे सर्वांत खालच्या वेतनश्रेणीच्या, थेट भरतीत वीस टक्के जागा राखीव असतात.

सगळ्यात जास्त फसगत 'ट्रेनी' या शब्दात होते. अप्रेंटिस म्हणून घेतो असे सांगून मुलाला असेंब्ली लाइनवर उभे करायचे, वर्षभर एकच बोल्ट आवळायला लावायचा आणि शेवटी अनुभवाचे एक पत्र हातात द्यायचे, असे प्रकार मी जवळून पाहिले आहेत आणि त्यांची मला मनापासून चीड आहे. अशा वेळी तीन गोष्टी विचाराव्यात. करार सरकारी पोर्टलवर नोंदवला जाणार आहे का? वर्षभरात मुलगा कोणकोणत्या विभागांत फिरेल? शेवटी राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्राच्या परीक्षेला त्याला बसवले जाईल का? उत्तर गुळमुळीत मिळाले तर तिथे जाऊ नये, मग कंपनीचे नाव कितीही मोठे असो.

महाविद्यालयालाही हीच कसोटी लावली पाहिजे. खासगी अभियांत्रिकीचे वार्षिक शुल्क अनेक ठिकाणी लाखाच्या पुढे जाते, तरी पालक जाहिरातीतल्या पॅकेजचा आकडा वाचून प्रवेश घेतात. प्रयोगशाळेत डोकावत नाहीत, शेवटच्या वर्षाच्या मुलांना प्रोजेक्ट कुठून आणला असे विचारत नाहीत. मुलगी असेल आणि कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर पैशांचे गणित वेगळे होते, कारण २०२४-२५ पासून राज्य शासनाने पात्र मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ केले आहे. आणि ज्याला राज्यसेवेसारख्या स्पर्धा परीक्षा द्यायच्या आहेत त्याला कोणती ना कोणती पदवी लागणारच. ती नोकरी करता करता यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातूनही मिळवता येते.

सध्या भाच्याने आयटीआय आणि अकरावी असे दोन्ही ऑनलाइन अर्ज भरले आहेत. आयटीआयच्या पसंतीक्रमात त्याने टूल अँड डाय मेकर पहिला आणि मशिनिस्ट दुसरा लिहिला आहे, आणि या दोन्हींपैकी काही सरकारी संस्थेत मिळाले नाही तर तो विज्ञानाला जाईल, हे आम्ही आधीच ठरवून ठेवले आहे. केवळ प्रवेश मिळतो म्हणून भलता ट्रेड घ्यायचा नाही. शाळा सोडल्याचा मूळ दाखला एकच असतो, त्यामुळे तो कुठे जमा करायचा याचा निर्णय पहिली यादी लागल्यावरच होईल. बहिणीने होकार देताना एक अट घातली: आयटीआयची दोन्ही वर्षे गणित चालू राहिले पाहिजे. ती अट मला पूर्ण मान्य आहे. पदविकेच्या पहिल्या वर्षाचे पुस्तक मी आणून ठेवले आहे आणि दर रविवारी त्याला शिकवायला मी बसणार आहे.